गोधडीतलं पॉवर स्टेशन

प्रिय अभिमन्यू,

‘प्रिय’ लिहिलंय ते शाळेत तसं शिकवलं म्हणून. तू माझा नंबर ब्लॉक केलास, आईला मेसेज करता येत नाही आणि बाबा तुझ्यापुढे तोंड उघडत नाहीत. मग तेलगावच्या पोस्टातून पाकीट आणलं. तिथला माणूस म्हणाला, सख्ख्या भावाला पत्र कोण लिहितं आजकाल? मी म्हटलं, भाऊ मोठा माणूस झालाय.

तुझा व्हिडिओ बघितला. गाडीत मागे गादी, खिडक्यांना जाळी, छोटा फ्रीज, आणि ज्याच्यात तुमचा सगळ्यांचा जीव अडकलेला ते तुझं पॉवर स्टेशन. आपल्याकडे पॉवर स्टेशन म्हटलं की परळीची धुराडी आठवतात, तुझं म्हणजे कडी असलेला डबा. गाडी चालली की गाडीवर चार्ज होतो, थांबली की टपावरच्या सोलरवर. फ्रीज, पंखा, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, कॉफीची किटली, सगळं त्याच्यावर. किती मायेनं सांगतोस रे त्याच्याबद्दल! किटली आणि फ्रीज एकदम लावू नका, ताण येतो. उन्हात ठेवू नका, सोसत नाही. बाबांच्या पाठीत उसण भरली होती तेव्हा तुझ्या तोंडून एवढी चौकशी निघाली नव्हती. वर म्हणतोस, गाडीत राहणं ही जीवनशैली आहे. आपण भांडी, कोंबड्या, सरपण आणि तू असे सगळे एका ट्रॉलीत बसून शिरूर कासारहून ऊसतोडीला निघायचो, तेव्हा कुणी त्याला जीवनशैली म्हटल्याचं मला आठवत नाही. तुला हॉस्टेलात घातल्यावरही आईबाबा तसेच जात राहिले. यंदा टोळी इथेच तेलगावला, माझ्या सासरच्या शिवारात उतरली म्हणून मी तुला फोन केला. येऊन भेट म्हटलं. कुठून बुद्धी झाली देव जाणे.

तू येणार म्हणून आईनं त्या दिवशी कोयत्याला सुट्टी दिली. सुट्टी म्हणजे काय, तू विसरला असशील. नवराबायको मिळून एक कोयता, तेव्हा एक घरी राहिला की दुसऱ्याचाही खाडा. मुकादम वाट्टेल ते बोलला, बाबांनी ऐकून घेतलं. तिनं कोपीपुढचं, आपल्या त्या झोपडीच्या दारातलं पाचट झाडलं, सडा टाकला, लुगडं बदललं. गाडी आली. तू उतरलास, मागून दोन मित्र आणि ती चष्मेवाली मुलगी. आई हात वर करून तुझ्याकडे निघाली, तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायला. आणि तू मित्रांकडे वळून म्हणालास, “या इथल्या मावशी. यांच्या हातची भाकरी खाऊन बघा.”

आईचा हात तसाच वर राहिला. मग तिनं त्या हातानं पदर नीट केला. मी पुढे होणार तर तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. बाबा बैलांना वैरण टाकायला म्हणून निघून गेले. वैरण आधीच टाकलेली होती.

जेवलात. चुलीवरच्या भाकरीचं कौतुक झालं. मग फ्रीज आणि तो डबा कोपीच्या सावलीला ठेवलास आणि म्हणालास, “मावशी, याला ऊन लागू देऊ नका, धूळ जाऊ देऊ नका.” आणि सगळ्यांना घेऊन उसाच्या फडाचं शूटिंग करायला गेलास. वारा सुटला होता, पाचटाचा भुसा उडत होता. डब्याच्या अंगाला भोकं, आत पंखा घरघरतोय. आई म्हणाली, “करिष्मा, ह्यो तर धूळ आत वढायलाय. अभ्याची लई महागाची वस्तू हाय.” आणि तिनं तो डबा गोधडीत गुंडाळला. चारी बाजूंनी घट्ट, लहानपणी थंडीत तुला गुंडाळायची तसा. वर हात ठेवून बसली. त्याला श्वास घ्यायला वारा लागतो हे तू जगाला सांगतोस, तिला सांगितलं नव्हतंस.

डबा तापला आणि बंद पडला. तू आलास आणि त्या परक्या लोकांसमोर तुझी जीभ एकदम घरची झाली. “कामून गुंडाळलंस गं? अक्कल हाय का न्हाई तुला?” तुझ्या मित्रांना वाटलं तू गावाकडच्या बोलीची नक्कल करतोयस. ते हसले. आई उठून उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, “चुकलं साहेब. अडानी मानूस हाय मी.”

साहेब म्हणाली ती तुला, अभिमन्यू. आणि तू ऐकून घेतलंस. डबा गार झाला तसा आपोआप चालू झाला, बिघडलं काहीच नव्हतं. तरी ते सगळं तू व्हिडिओत ठेवलंस, वर टुणटुण संगीत लावलंस. मी खाली एवढंच विचारलं की या मावशी तुझ्या कोण लागतात. तर मलाच ब्लॉक. शाबास! तुझ्या डब्याइतक्या काळजीनं तर तू आम्हाला कधी वागवलं नाहीस, पण निदान चोरासारखं पळून तरी जायचं नव्हतंस. तुझा मला राग येतो हे म्हणणं कमी आहे, मला तुझी किळस येते.

हे सगळं तुला सुनवायला मी बसले नव्हते, पाकीट आणलं ते आईच्या निरोपासाठी. तू बाबांना फोन केलास, साखरपुडा ठरलाय, मुलीकडच्यांना दोघंही हवेत, आईला घेऊन या. फोटो पाठवलास. तीच चष्मेवाली. बाबांनी फोटो आईपुढे धरला. आई मात्र रात्रभर विचार करत होती आणि सकाळी तिला उपाय सापडला. तिनं सांगितलंय ते तसंच लिहिते. “त्या पोरीनं मला वळखलं तर म्हनते, तेलगावला व्हती ती माझी धाकटी बहीन. बहिनींचा तोंडवळा सारखाच अस्तो की. पोराचं खोटं पडाया नगं. त्याला चालंल का, तेवढं इचारून घे.” आईला बहीण नाही हे तुला माहीत आहे. तरी तिनं नावसुद्धा ठरवलंय, मुक्ताबाई. तेव्हा नीट पाठ करून ठेव. साखरपुड्यात कुणी विचारलं, तर तुझं आणि आईचं उत्तर एक आलं पाहिजे.

चारचौघांतसुद्धा तुझीच,
करिष्माताई