त्या चष्म्यात कपाट नव्हतं

माय,

आज संध्याकाळी दिवाकरभाऊ घरी आले होते. वाचनालयाचे सचिव म्हणून आले, तुझा फोटो घेऊन. केवढा मोठा केलाय गं! व्हीआरचा तो काळा चष्मा डोळ्यांवर, तोंडभर हसू आणि खाली अक्षरं: 'गावच्या काकूंनी घरबसल्या पाहिलं काश्मीर.'

घरबसल्या? चौघांनी खुर्चीसकट उचलून नेलं होतं तुला!

उद्या त्या व्हीआरच्या खोलीचं उद्घाटन आहे. फोटो दारात लागणार आणि तुझ्या वतीने शाल-श्रीफळ मी घ्यायचं. तुझी तेरवी होऊन महिनाही झाला नाही. ते गेल्यावर चहाचे कप तसेच ठेवून मी लिहायला बसले. हा राग घेऊन दुसऱ्या कोणाकडे जाऊ?

लकवा मारायच्या आधी दुपारी तू घरी सापडायचीच नाहीस. वाचनालयात पेपर एकच, त्याची पानं सुटी करून सगळे वाटून घ्यायचे. "झालं का हो भाऊ?" असं तू विचारलंस की समोरचा माणूस अर्धी बातमी सोडून पान सरकवायचा. मग कपाटापुढे जाऊन उभी राहायचीस. एक पुस्तक काढ, चार ओळी वाच, परत ठेव, दुसरं काढ. घरी आणायचीस एकच, पण चेहरा असा की अख्खं कपाट चाळून आलीस.

मग चाकाची खुर्ची आली आणि वाचनालयाच्या पायऱ्या तुझ्या वैरी झाल्या. तुला फाटकापाशी कडुनिंबाखाली थांबवून मी आत जायचे. काहीही आणलं तरी तू नाक मुरडायचीस.

"वंदे, तू पुस्तक आणतं. मले कपाट पाह्यचं हाय."

"नखरे पुरे झाले तुझे," मी म्हणायचे. पण तुझं म्हणणं मला कळत होतं. दुसऱ्याने निवडलेल्या भाजीलाही तू नावं ठेवायचीस, मग पुस्तक तर लांबच!

रॅम्पसाठी किती वेळा बोललो आपण! दर वेळी दिवाकरभाऊंचं ठरलेलं उत्तर, "पाहू ना काकू, निधी येऊ द्या." निधी आला. त्यातून चष्मा आला.

पेटी उघडली त्या दिवशी त्यांना तुझी आठवण झाली. अधू बाई जग पाहते, असा फोटो हवा होता ना! चौघे घरी आले. तू किती लगबगीने लुगडं बदलून घेतलंस! तुला काश्मीरचं काय पडलं होतं? वाचनालयात जायला मिळणार होतं.

तिथे पाहुण्यांसमोर चष्म्याची पूजा सुरू होती. नव्या गाडीला लावतात तसं कोणीतरी त्या चष्म्यालाच हळद-कुंकू फासलं. तो तुझ्या डोळ्यांवर चढला, दिवाकरभाऊंनी विचारलं, "काय पाहता काकू? काश्मीर, समुद्र, म्हणाल ते."

तू म्हणालीस, "मले ते मांगच्या खोलीतलं कपाट दाखव ना, भाऊ."

सगळे हसले. दिवाकरभाऊ म्हणाले, "ते याच्यात नाई ना काकू!"

तेही हसले आणि तूही हसलीस. माय, तू काऊन हसलीस? तेवढाच क्षण फोटोवाल्याला सापडला.

कपाट भिंतीपलीकडे होतं. मी म्हटलं, आता आणलंच आहे तर पलीकडे नेऊ या. दिवाकरभाऊ म्हणाले, "पाहुणे जाऊन राह्यले, वंदनाताई. पुढच्या वेळी नेऊ." चष्मा काढला तर तुझ्या कपाळावर लालभडक कुंकू उमटलेलं. विधवेच्या कपाळी कुंकू! काय धावपळ झाली! ते पुसायला तीन-तीन रुमाल पुढे आले. तुला पलीकडच्या खोलीत न्यायला मात्र कोणाचे हात मोकळे नव्हते. चौघांनी तुला तसंच खाली आणलं.

वाटेत मी धुमसत होते आणि तू माझीच समजूत काढत होतीस. "जाऊ दे वो माय, कामाची माणसं हायेत." हेच मला तुझं कधी पटलं नाही. किती जाऊ द्यायचं? तू जाऊ देत राहिलीस आणि शेवटी तूच गेलीस.

पुढची वेळ आलीच नाही. आज मी दिवाकरभाऊंना विचारलं, "रॅम्पचं काय झालं?" ते खरोखर गोंधळले. म्हणाले, "पण आता काकू कुठं हायेत?"

जसं काही गावात पायऱ्या फक्त तुलाच जड होत्या! समोरच्या शांताकाकूंनीही पायऱ्यांपायी वाचनालय सोडलं. त्यांनाही उद्या काश्मीरच दाखवतील.

फोटो मी परत दिला नाही. तो घरातल्या लोखंडी कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. दारात लागू देणार नाही.

आणि उद्या मी जाणार आहे. आत्ता मधेच उठून शांताकाकूंना विचारून आले, त्याही येते म्हणाल्या. तुझी चाकाची खुर्ची पुसून ठेवली आहे, त्यांना तिच्यातून नेईन. माझं नाव पुकारतील, मी वर जाणार नाही. पुन्हा पुकारू दे. माईकवर बोलावू दे. तो उतार बांधून होईपर्यंत मीही आत पाऊल टाकणार नाही, पुस्तकावाचून राहावं लागलं तरी चालेल. एवढा शब्द देते तुला.

तुझा सत्कार करायचा असेल तर त्यांनी शाल घेऊन खाली यावं, कडुनिंबाखाली. तुला तिथेच तर ठेवलं होतं त्यांनी.

तुझी,
जाऊ न देणारी
वंदी