जज्जसाहेबांच्या मुलीला दिलेलं नाव

प्रिय अहो,

हसू नका. मायना काय लिहावा इथंच दहा मिनिटं गेली. तुमचं नाव घ्यायची मला सवय नाही, आणि 'तीर्थस्वरूप' लिहिण्याइतका आदर आज मनात नाही. काल दुपारी तुमची ती हिरवी वही उघडली. तेव्हापासून तुमच्याशी भांडायचंय, आणि तुम्हाला जाऊन तर सव्वा वर्ष झालं. मग काय करू? लिहून भांडते.

वही उघडायचं कारण आपली केतकी. परदेशातल्या तिच्या गावच्या जुन्या कोर्टाचे कागद सांभाळणाऱ्या मंडळींना तुमची वही हवीय. तुमच्या नावानिशी कपाटात जपून ठेवणार आहेत म्हणे! तिची मैत्रीण रविवारी तिकडे जातेय, वही तिला इथल्या छावनीत, कँटोन्मेंटात, नेऊन द्यायची. "आई, बस दे देना, पढ़ने मत बैठ जाना," लेक फोनवर म्हणाली. मी अर्थातच वाचत बसले.

आता कबूल करते. तुमच्या त्या जज्जसाहेबांवर मी जळायचे. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसावर, काय म्हणावं बाई मला! पण सांगा, तुम्ही निवृत्त झाल्यावर माझ्या वाट्याला काय आलं? आपण केतकीकडे गेलो, तुम्ही ते जुनं कोर्ट बघितलंत, आणि लखनौला परतलात ते त्या जज्जाला घेऊनच. त्याच्या हातच्या कागदांचे फोटो कॉम्प्युटरवर यायचे आणि तुम्ही ते गिचमिड अक्षर लावून लावून टाइप करायचात, आणि टिपणं त्या हिरव्या वहीत. रेल्वेत जन्मभर पुलांचे जुने नकाशे वाचलेले तुम्ही, तुमचा हात कोण धरणार!

मग जेवताना तोंडी लावायला जज्जसाहेब. "आज एका डुकरावरून दोन भाऊ कोर्टात आले गं!" कोर्ट म्हणजे त्यांच्याच घरातली पुढची खोली. आणि त्यांची बायको हॅना आत चुलीपाशी, दोन्ही पक्षांच्या माणसांना जेवू घालत. "बिचारी हॅना," तुम्ही म्हणायचात. अहो, बदलीच्या प्रत्येक गावी तपासणीला आलेले तुमचे साहेब जेवायला कोणाकडे असायचे? मला कधी म्हणालात बिचारी?

हॅनाचं चित्र कुठंच नव्हतं. तरी एकदा तुम्ही म्हणालात, "उंच असणार ती."

"कशावरून?"

"झग्याला किती कापड आणलं ते लिहून ठेवलंय ना त्यानं."

कापडावरून बाईची उंची काढलीत! आणि माझ्या ब्लाउजला किती लागतं हे अमीनाबादच्या कापडवाल्या भैयाला ठाऊक, तुम्हाला नाही. जज्जसाहेबांच्या सातही मुलांचे वाढदिवस तुम्हाला पाठ. माझा वाढदिवस तुम्हाला केतकी फोन करून सांगायची, मला कळणार नाही अशा बेतानं. मला कळायचं.

हे सगळं मी गिळलं. एक गोष्ट मात्र गिळता आली नाही.

एका दुपारी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. चष्मा हातात, डोळ्यांत पाणी. म्हणालात, "हॅनाची एक मुलगी पाच दिवसांत गेली. नावसुद्धा नाही लिहिलेलं."

मी कढईतली भेंडी परतत होते. वळलेसुद्धा नाही. "भाजी करपेल माझी," म्हणाले. तुम्ही चष्मा लावलात आणि गेलात.

काय आलं होतं माझ्या मनात, माहीत आहे? मनात आलं, या परक्या मुलीसाठी तुमचे डोळे भरतात! आणि आपली? केतकीच्या आधीची आपली? नऊ दिवस होती ती. बाराव्या दिवशी बारसं करायचं म्हणून मी अमीनाबादहून चिकनच्या भरतकामाचं कापड आणून ठेवलं होतं, तुमच्या आईंनी त्याची कुंची शिवली होती. ती गेली, आणि आईच म्हणाल्या, नाव ठेवलेलं नाही, तेव्हा आठवण काढत बसायचं नाही. तुम्ही हूं की चूं केलं नाही. चौथ्या दिवशी डबा घेऊन लाइनवर गेलात. त्यानंतर एवढ्या वर्षांत एकदाही तिचा विषय नाही. मी धरून बसले होते, की तुम्ही विसरलात.

आणि काल ती वही.

जज्जसाहेबांच्या मुलांचा तक्ता केलाय तुम्ही. नाव, जन्म, लग्न, मृत्यू. तुमचं ते कायमचं पालुपद होतं ना, रकाना रिकामा सोडायचा नाही, काही माहीत नसेल तर आडवी रेघ मारायची. केतकीच्या शाळेच्या फॉर्मवरसुद्धा मारायचात! त्या पाच दिवसांच्या मुलीपुढे मी रेघ शोधत होते. रेघ नव्हती. पेन्सिलीनं, मराठीत, लहान अक्षरात लिहिलं होतं, मंजिरी.

अहो, मंजिरी! हॉस्पिटलात मी तुमच्या कानात सांगितलेलं नाव. एकदाच सांगितलं होतं. दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हतं.

वही मिटली, परत उघडली. आधी रडले. म्हणजे तुमच्या लक्षात होतं. मग असा संताप आला! आपल्या मुलीचं नाव तुम्ही हॅनाच्या मुलीला देऊन टाकलंत? मला विचारलंत? रडायला तुम्हाला सातासमुद्रापलीकडचं घर सापडलं, शेजारच्या खोलीतली मी नाही सापडले? हॅनाचा एवढा हेवा मला कधीच वाटला नव्हता.

आणि लगेच ती भेंडी आठवली. तुम्ही आला होतात हो. दारापर्यंत आला होतात. मीच वळले नाही.

आज सकाळी रबर घेऊन बसले. तुमचं अक्षर पुसवेना. तुमच्या हातचं ते नाव जगात त्या एकाच जागी आहे. पण ते तसंच पाठवायचं, आणि त्यांच्या कपाटात ती कायमची जज्जाची मुलगी म्हणून राहणार? छे! शिवाय हॅनानंही मनात काहीतरी नाव धरलं असेलच की. तिचं तिच्यापाशी राहू दे.

म्हणून ते पान मी फाडलं. हो, तुमच्या वहीचं पान फाडलं! तक्ता माझ्या अक्षरात नव्या कागदावर उतरवला, तुमच्या पद्धतीनं रकान्यात आडवी रेघ मारली आणि तो कागद वहीत चिकटवला. तुमचं पान कुंचीच्या घडीत ठेवलंय. कुंची मी टाकली नव्हती, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

केतकी ओरडेल. "पापा की वही फाड दी? आई, तू भी ना!" ओरडू दे. तुम्हाला शब्द देते, रविवारी वही देऊन आले की तिला व्हिडिओ फोनवर सगळं सांगेन, आणि कुंची दाखवेन. आपल्याला बहीण होती हे त्या पोरीला या वयात तरी कळू दे. आणि येत्या सर्वपित्रीला तुमच्या पानाशेजारी एक लहान पान वाढेन. शास्त्रात बसत नाही म्हणून कोणी अडवलं तर अडवू दे, मी नाव घेऊन वाढणार आहे. मोठ्यानं. तुम्हीही ऐका.

तुमची,
मंजिरी आणि केतकीची आई