तबकडीचा दोरा

शहादा, रविवार, संध्याकाळ

आज मी सख्ख्या मोठ्या भावाच्या, अण्णाच्या थोबाडीत मारली. कशासाठी? एका दोऱ्यासाठी! माझ्या रेकॉर्ड प्लेअरची तबकडी पंधरा किलोची, बाजूची मोटर ती दोऱ्याने फिरवते. रबरी पट्ट्यावर सूर हलायचा, सुती दोरा घसरायचा. म्हणून मासेमारीची तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, लावली. सूर जागेवर आला. अण्णा बजावत होता, "हाई बोट कापी टाकी. रेशीम लाव." मी ऐकलं नाही.

आज रेकॉर्ड ठेवताना वहिनीचं बोट तंगूस आणि मोटरचं चाक यांच्यामध्ये सापडलं, हाडापर्यंत चिरलं. अण्णाने कात्रीने तंगूस तोडली, आणि माझा हात उठला. वहिनी किंचाळत होती आणि मी तंगूससाठी मारत होतो! अण्णा तिला दवाखान्यात घेऊन गेला.

टाके घालून आल्यावर वहिनीने विचारलं, "भाऊ, जेवनात का?"

मी जेवलो का, हे ती विचारत होती! मला मान वर करता आली नाही.