उभ्या बांधाला पैसा नाही

८ एप्रिल १९६५

पालघरला जाऊन आले. फुकट गेला दिवस!

यांना सांगून ठेवलं होतं, तुम्ही ग्रामपंचायतीचे पंच, तुम्हीच बोला. कचेरीत गेल्यावर हे टोपी हातात धरून उभे. मग मीच तोंड उघडलं. म्हटलं, साहेब, खाडीचा बांध खचलाय. त्याच्या आडोशाला आमचं भात पिकतं. पावसाच्या आत दुरुस्तीला पैसे द्या.

साहेब म्हणाले, "फुटलाय का?"

"नाय. पण फुटंल."

"मग फुटल्यावर या, बाई. बांधबंदिस्तीचा निधी फुटलेल्या बांधांसाठी आहे. उभा बांध गावानं सांभाळायचा, असा नियम आहे."

म्हटलं, "भात बुडाल्यावर बांध काय चाटायचा?" हे माझा पदर ओढायला लागले. साहेब हसले. हसायला काय झालं?

परत येताना हे गाडीच्या खिडकीबाहेर बघत बसले. मी बोईसरपर्यंत बडबडत होते.

१९ एप्रिल

चिखल वाहून वाहून कंबर गेली.

आमच्याकडे बांधाचा वाटा घराघराला ठरलेला आहे, पणजोबांपासून. भात झोडून झालं की ज्यानं त्यानं खाडीतला चिखल आपल्या वाट्यावर चढवायचा. यंदा कुणी हात लावला नाही. पाड्यावरचा मंगळ्या आणि त्याची माणसं दरसाल चिखल काढायला यायची, ती तारापूरला गेली. तिकडे अणूचं वीजघर बांधतायत, मजुरी रोजच्या रोज. त्यांना काय बोलणार? आणि आमचे लोक म्हणतात, सरकार करील. सरकार!

आमच्या वाट्याला लागून काशीबाईचा वाटा. म्हातारी एकटी, तिला पाटी उचलत नाही. तिचा बांध पार हडकुळा झालाय. माझं झालं की तिच्याकडे लागेन म्हटलं होतं. पण हात वर होत नाही आता.

यांचा चुलतभाऊ महादू वरून जात होता. म्हणतो कसा, "वयनी, बांधाचं लगीन काढलंस काय? हळद लावल्यागत लिंपतेस!"

म्हटलं, "करवला कमी हाय. उतर खाली, घे घमेलं!"

गेला दात काढत.

३ मे

देवळात बैठक. महादूची अक्कल — बांध आपणच थोडा कापायचा!

म्हणाला, "सोमवारी दहा तारखेला साहेब या पट्ट्यातले फुटलेले बांध बघायला येतोय. तेव्हा भांगाची भरती हाय, लहान; पाणी बांधाच्या पायाशीच राहतं. वीतभर आत येनार नाय. साहेबानं बघितलं, मापलं, का आपन लगेच बुजवायचं. पुनवेच्या उधाणाला अजून पाच दिस राहतात."

सगळ्यांनी माना हलवल्या. मग विचार, कापायचा कुठे? तर काशीबाईच्या वाट्यावर! ती बैठकीत नव्हती.

मी बायकांतून उठले. "तुज्या वाट्यावर काप की रे महादू!"

 यांनी खाली बघितलं. मग एक म्हातारा म्हणतो, बाईमाणसानं मधे बोलू नये. चिखल उपसायला बाईमाणूस चालतं!

९ मे

कापला. भर दुपारी. काशीबाई सातपाटीला सुकी मासळी आणायला गेली होती, तेवढ्यात.

हे घरी आले ते मांडीपर्यंत चिखल. पाय धुवायला पाणी मागितलं. दिलं नाही.

१० मे

साहेब आले नाहीत. जीप दुसऱ्या कामाला गेली म्हणे.

१२ मे

आजही नाही. सगळे म्हणतात थांबा, आत्ता बुजवला तर साहेबाला दाखवायचं काय? पाणी रोज चढतंय. मला तर दिसतंय, यांना दिसत नाही?

काशीबाईला सांगितलंय, खेकड्यांनी बांध पोखरला. तिनं ऐकून घेतलं.

१३ मे

घमेलं घेऊन गेले. एकटीनं कापलेल्या जागी चार घमेली चिखल टाकला. महादूनं येऊन घमेलं हिसकावलं. "वयनी, गावाचे पैसे घालवशील!" हे पाठीमागे उभे होते. म्हणाले, "चल घरी." माझं काहीच म्हणणं नव्हतं का? पण गेले.

१६ मे

आलं पाणी.

काल उधाणाच्या भरतीला कापलेल्या जागेतून घुसलं. बैलगाडी आडवी जाईल एवढं भगदाड. सकाळी बघितलं तर सगळी खारजमीन पाण्यानं पांढरी. ओहोटी लागली तरी पाणी निघेना. चिवणी मासे आमच्या शेतात उड्या मारतायत. पोरं मासे धरत होती, त्यांना मजा!

आता रोप लावायचं कुठे? खारट माती धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातील. तोवर खायचं काय?

आमचा वाटा जरासुद्धा हलला नाही. त्याचा काय उपयोग?

१८ मे

काशीबाई घरोघरी जाऊन हात जोडतेय. "माज्या वाट्यानं गावाचा घात केला, पोटात घाला." महादूच्या घरीही गेली. आणि तो मेला म्हणतो, "जाऊ दे आये, तुजा काय दोष!"

आमच्या दारात आली तेव्हा हे मागच्या दारानं निघून गेले. मी तिला गूळपाणी दिलं. तोंडाशी आलेलं बोलले नाही. यांनी शपथ घातलीय, बाहेर कळलं तर पैसा तर जाईलच, वर पोलीस येतील. माझी जीभ! गाव घाबरतं तिला. आणि नको तेव्हा गप्प.

२५ मे

साहेब आले. भगदाडाला टेप लावली. खूश!

"हां, आता नियमात बसतं."

३० मे

राहवलं नाही. काशीबाईकडे गेले, सगळं सांगून टाकलं. यांचं नावसुद्धा.

म्हातारी भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "ठाव हाय मना. चिखलात मानसांची पावलं व्हती. खेकडा काय वहाणा घालतो?"

"मग हात जोडत का फिरलीस?"

"तर काय भांडू? यंदा माजं शेत गेलं. पायलीभर भात लागंल तर याच दारांत जायाचं ना मी?"

मला भाकरी वाढली. खाल्ली. 

यांच्याशी बोलणं बंद आहे.

२ जुलै

साहेब नकाशा घेऊन आले. पैसा मंजूर! दिवाळीनंतर काम. पण भगदाडात डोह झालाय, तिथे भराव टिकायचा नाही म्हणे. नवा बांध आतून, सरळ काढणार. काशीबाईचं शेत बाहेर, खाडीकडे राहणार.

आमचंही.

 काशीबाई म्हणाली, "चला, सोबत झाली."

संध्याकाळी जाऊन बघून आले. मी लिंपलेला बांध तसाच उभा आहे. दोन्ही बाजूंना पाणी.