केसभरही न हललेलं घर

३ जानेवारी
“या घरात मला आता झोप लागणार नाही.” सहा वर्षांपूर्वी, वादळात छप्पर उडालं त्या दुपारी ही म्हणाली आणि आठवड्याभरात बहिणीकडे राहायला गेली. म्हणजे अडचण फक्त छपराची. आयुष्यभर कारखान्यांच्या शेडची ड्रॉइंग्ज काढली, एक घर काढायला काय जड आहे? जुनं पाडायचं, त्याच जागी स्टीलचं. मेअखेर ही परत. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

४ जानेवारी
साडेआठ. गजर वाजला नाही. लावला नव्हता.

१९ जानेवारी
नकाशा तयार. सगळे सांधे नट-बोल्टचे. जागेवर वेल्डिंग केलं की जस्ताचा मुलामा जळतो आणि या खाऱ्या, दमट हवेत गंज तिथूनच धरतो. लेकीला फोनवर सगळं समजावलं. आईला विचारलंत का, म्हणाली. म्हटलं, सरप्राइज आहे. “ठेवते,” म्हणाली. भारावली असणार.

२ मार्च, दुपारी
सांगाडा उभा. लोखंडकाम करणारा फॅब्रिकेटर म्हणतो, खिडक्या विसरलात. विसरलो नाही. वारा खिडकीतून शिरतो आणि छप्पर आतून उचलतो. म्हणून दोनच, छोट्या, न उघडणाऱ्या.
“साहेब, घर बांधताय की तिजोरी?”
हाताला कसब आहे त्याच्या. थिअरी कच्ची.

९ एप्रिल
एकेक फट सिलिकॉनने बुजवतोय. ओटा बत्तीस इंच उंच, हिच्या मापाचा. असं लक्षात ठेवणारा नवरा शोधून सापडायचा नाही. वायरमनने विचारलं, बाईंच्या उशाशी स्विच कुठल्या बाजूला? दोन्ही बाजूंना दे म्हटलं. सोयीचं पडतं.

२७ मे
राहायला आलो. हिला चौतीस फोटो पाठवले. उत्तर: छान आहे. तब्येत सांभाळा.
छान आहे म्हणाली.

११ जून
वादळ. सकाळी अकरा ते दुपारी तीन. घर केसभरही हललं नाही. पत्रा एकदाही वाजला नाही. सांगायला कोणी नव्हतं म्हणून लेकीला फोन लावला, लागला नाही.
चार वाजता पाहिलं तर भिंतींवरून आतल्या बाजूने पाणी ओघळतंय. नवीन आहे घर. सुकेल.

१४ जून
सुकलं नाही. हिच्या नव्या कपाटात बुरशी. फॅब्रिकेटरने पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि तांबूस झालेलं ते बोट मला दाखवलं.
“बाहेरच्या वाऱ्याचं सगळं गणित केलंत, साहेब. आत माणूस श्वास घेणार, हे धरलंच नाहीत.”
समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या हव्यात म्हणे, आणि वर झडपा. चार दिवसांचं काम. म्हणजे ही जुलैत.

१५ जून
लेक आली. ओटा बघून हसली, ओल्या भिंतीला लावलेला हात रुमालाला पुसला. तिला म्हटलं, खिडक्या झाल्या की आई येईल. ती समोर बसली.
“बाबा, आई छपराला घाबरून नाही गेली. छप्पर उडालं आणि तुम्ही पत्रे गोळा करायला धावलात. ती दाराला पाठ लावून तीन तास एकटी उभी होती. परत आलात आणि विचारलंत, स्क्रू किती राहिले?”
सदतीस राहिले होते. मला आठवतं. ही काय म्हणाली तेही आठवतं. तिचा चेहरा कसा होता, ते आठवत नाही. पाहिला नसावा.

१६ जून
हिला पत्र लिहिलं. ‘राहायला ये’ तीनदा लिहून तीनदा खोडलं. नाहीच म्हणेल, तब्येत सांभाळा म्हणेल, माहीत आहे. खडू मात्र आणून ठेवलाय. शेवटी एवढंच लिहिलं: अर्ध्या तासासाठी ये. चहासुद्धा घेऊ नकोस. खिडक्या कुठे हव्यात ते भिंतीवर आखून दे, आणि जाता जाता सांग, तू कुठल्या बाजूला झोपायचीस.