मागचा डावा कोपरा

पिंपळी, ता. बारामती
२४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

जीप माझ्या गॅरेजच्या शेडवर सुखरूप पोचली. तुम्हांला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

खालचा पत्रा पापडासारखा हाताने मोडतोय. ओरखडे उठू नयेत म्हणून तुम्ही गोणपाट अंथरायचात आणि त्यावर युरियाची पोती ठेवायचात. सांडलेलं खत आणि ओल दोन्ही त्या गोणपाटात मुरलं. इतक्या मायेने अंथरलेल्या गोणपाटानेच तुमची जीप खाल्ली. रागावू नका, तळ नवा करून देते. माझ्या हाताखालची दोन माणसं म्हणतात, सत्तेचाळीस वर्षांची गाडी भंगारात घाला. मी त्यांना सांगितलंय, ही आमच्या घरातली आहे.

मागच्या डाव्या कोपऱ्याला मात्र गंज सगळ्यात जास्त आहे. आईने हौदाला ठोकली तोच कोपरा. तेवढा कापून नवा पत्रा जोडावा लागेल. दसऱ्याच्या पूजेला गाडी दारात उभी करते.

आईला नमस्कार. तुमचा लोभ जीपवर थोडा कमी, माझ्यावर थोडा जास्त असावा.

तुमची,
संजीवनी

इंदापूर
३१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. संजीवनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. हितं समदी बरी हायेत. डाळिंबाला फुटवा चांगला हाय.

तळ नवा कर, माझी ना न्हाय. पण तो कोपरा कापू नगंस. वरनं लांबीची पुट्टी पातळ फिरव, घासून रंग मार, खड्डा दिसला तरी चालंल. आजवर आमी तसंच केलं. ते तुझ्या आईचं कोरीवकाम हाय, पाहुण्यांना दाखवायला ऱ्हाऊ दे. त्या दिवसापास्नं तिनं चाकाला हात लावला न्हाय, तेवढेच गावाचे भिंती-कठडे वाचले.

तू शिकलीस, शेड टाकलीस, चार लोकं तुझं नाव घेत्यात, मला बरं वाटतं. पण म्हाताऱ्याचं एवढं ऐक.

जावईबापूंना आशीर्वाद. माया हाय ती हायच.

तुझा,
आबा

पिंपळी
८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आधीच मी कोपरा घासायला घेतला होता. हे पत्र तुम्ही एकट्यानेच वाचा.

वर निळा रंग निघाला, त्याखाली तांबडा, त्याखाली पांढरा. खड्ड्याच्या कडेला पांढऱ्याच्याही खाली बोटभर जाड लांबी निघाली, आणि तिच्या खाली मूळचा हिरवा पत्रा, आत दबलेला. आबा, लांबी पांढऱ्या रंगाच्या खाली आहे. आईने हौदाला टेकवली तेव्हा जीप आधीच पांढरी होती. मी पाच वर्षांची होते, तिच्या शेजारी बसले होते, माझा हात पांढऱ्या पत्र्यावर होता. म्हणजे खड्डा आईच्या आधीचा आहे. लांबीखाली पाणी साठत गेलं, म्हणून तिथेच गंजाने पत्रा जास्त खाल्ला.

डेअरीला दुधाच्या कॅनी घेऊन जाणारी आई मला आठवते. डोक्यावरचा पदर दातात धरून ती गिअर टाकायची. त्या दिवसानंतर ती मागच्या सीटवर बसायला लागली. मी आयटीआयला जायचं म्हटलं तेव्हा तुम्ही हाच खड्डा दाखवून म्हणाला होतात, बायकांचा हात गाडीला लागला की असं होतं. तरी मी गेले. पण आई कुठेच गेली नाही.

कोपरा मी कापला. नवा पत्रा ठोकून, जोडून घेतलाय. जोड कुठे आहे ते तुम्हांलाही सापडायचं नाही, एवढं मात्र छाती फुगवून सांगते. जुना तुकडा जपून ठेवलाय. तिला सांगायचं ते तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ते फक्त पत्र्याचं काम होईल.

राग आला तरी पत्र पाठवा.

तुमची,
संजीवनी

इंदापूर
१९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. संजीवनीस,
अ. उ. आ.

आठ दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो.

तात्यांनी, तुझ्या आज्यानं, बैलजोडी इकून ही आठ वर्सं वापरलेली जीप घेऊ दिली होती. तिसऱ्याच महिन्यात इंदापूरच्या बाजारात मागं घेताना मी उभ्या ट्रकला ठोकली. घरी सांगायची छाती झाली न्हाय. लांबी भरली, समदी जीप पांढरी केली, अन् पांढरा रंग लाभतो म्हणून सांगितलं. दोन वर्सांनी तुझ्या आईनं हौदाला नुसती टेकवली, तर लांबीचा पोपडा गळून पडला. तात्या म्होरं उभे. माझ्या तोंडातनं निघून गेलं, हिनं ठोकली. मग ते गिळता आलं न्हाय.

काल तिला सांगितलं. ती उठून जनावरांना वैरण टाकून आली. मग इचारलं, चावी कुठं हाय.

चावी तुझ्याकडं हाय, पोरी. बिगीनं गाडी आण. तुझ्या डोळ्यानं माझं खोटं धरलं. लाज वाटली, पण तेवढाच अभिमानबी वाटला, ते लपवत न्हाय.

तुझा,
आबा

इंदापूर
५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. संजीवनीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

तू गाडी ठेवून गेलीस अन् दारात गर्दी झाली. जो तो कोपऱ्यावरनं हात फिरवून जोड हुडकतो. मी सांगते, माझ्या लेकीचं काम हाय, हुडकत बसा. तू दिलेला तो गंजका तुकडा सोप्यात खिळ्याला लावलाय. पाहुणे आले की त्याखालीच बसवते. गोष्ट ह्यांनी सांगायची, मी चहा टाकते.

त्या दिवशी आवाजच झाला नव्हता, संजू. सदतीस वर्सं मी तोच इचार करत हुते, एवढा खड्डा पडला अन् आवाज कसा झाला न्हाय.

काल सकाळी ह्यांना मागं बसवलं. पहिल्यांदा दोनदा बंद पडली, मग पायाला आठवलं. वावराच्या रस्त्यानं वळसा घालून आणली अन् त्याच हौदाकडं मागं घेतली. हे वरडत हुते, मी ऐकलं न्हाय. थांबल्यावर ह्यांना खाली उतरवून मोजायला लावलं. कोपरा अन् हौद, मधी एक वीत. त्यांच्या हाताची न्हाय, माझ्या.

दिवाळीला ये. न्यायला मी येते.

तुझी आई,
लीलाबाई