भिंतीपलीकडची बुरशी

रविवार, १४ जून

प्रिय दादा,

नमस्कार. मी मजेत आहे, तूही असशील. समोरासमोर तू लगेच विषय बदलतोस, म्हणून हे पत्र. कंटाळून खाली ठेवलंस तरी पुन्हा उचलशील, तुला ओळखते मी.

आधी गंमत ऐक. मागच्या खेपेला तुझ्या रोपवाटिकेतून मी डबाभर माती आणली होती. नळाजवळच्या वाफ्यातली, जिथली टोमॅटोची रोपं कधीच बुडाशी सडून आडवी पडत नाहीत. "एवढं शिकून शेवटी मातीच नेतेस?" म्हणून तू हसला होतास. त्या मातीतून एक हिरवी बुरशी निघाली. मी ती काचेच्या बशीत वाढवली आणि बशीला चिकटपट्टी न लावताच प्रयोगशाळेच्या सामायिक कपाटात ठेवून दिली. शुद्ध वेंधळेपणा. त्याच कपाटात शेजारच्या टेबलावरच्या सरांच्या बशा होत्या. सर रोपं सडवणारी बुरशी वाढवतात आणि तिला पोटच्या पोरीसारखं जपतात.

थोड्याच दिवसांत सर तणतणत आले. "माझी पोरगी वाढायची थांबलीय! काय ठेवलंयस तू आत?"

कपाट उघडलं, तर आत खोबऱ्यासारखा गोडसर वास. सरांचा राग निम्म्यावर आला आणि नाक पुढे आलं. "हात न लावता? नुसत्या वासाने?"

मग आम्ही दोघं हात धुऊन त्या हिरव्या बुरशीच्या मागे लागलो. मधोमध भिंत असलेली बशी घेतली. एका खणात तुझी बुरशी, दुसऱ्यात सरांची. शिवाशिव शक्यच नाही, फक्त हवा इकडून तिकडे. तरी भिंतीपलीकडची खुरटलीच! त्या वासात काय काय आहे? थंडीत तो असाच सुटेल? रोपाला त्याचा त्रास होईल? जेवताना घास हातात राहतो माझ्या. उघड्यावर वास उडून जाणार, म्हणून ती मातीतच, मुळांपाशी वाढायला हवी असं सरांचं म्हणणं.

आता तुझ्या वाफ्यांचं. नवी पेरणी करण्याआधी तू मातीत ते उग्र औषध ओततोस. नळाचं पाणी खराब होईल म्हणून तेवढा एक वाफा सोडतोस. आलं लक्षात? औषधाने रोगाबरोबर हीसुद्धा मरते. या वेळी कुठेच ओतू नकोस. मी बुरशी खतात मुरवून पिशवी पाठवतेय, ती वाफ्यांत मिसळ. माझ्या प्रयोगासाठी एवढं कर.

प्रयोगासाठी म्हटलं खरं. पण प्रयोगाला जागा मला इथेही मिळते.

वहिनीवर चिडू नकोस, तिने काही सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं, पण मी खोदून खोदून विचारल्यावर. औषध ओतलंस की पुढच्या रात्री तू उशीला टेकून बसल्या बसल्या झोपतोस. आडवं झालं की श्वास कोंडतो. डॉक्टरांनी त्या औषधाच्या जवळही जायचं नाही म्हणून बजावलंय आणि तू तोंडाला रुमाल बांधून जातोस. रुमाल! अरे, भिंत घातली तरी वास पलीकडे जातो, हे मी रोज डोळ्यांनी बघतेय.

बुरशीबद्दल लिहिलेलं सगळं खरं आहे. पण तुझ्या वाफ्यांत ती हमखास काम करेल, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. कदाचित निम्मी रोपं आडवी पडतील. पडू देत. मी रजा टाकून येईन, आपण पुन्हा पेरू. मला काळजी रोपांची नाही वाटत, दादा. तुझी वाटते.

पत्र वाचून तुझं डोकं फिरेल. फिरू दे. फोन कर आणि मला भरपूर ओरड. फक्त एका दमात ओरड, मध्ये थांबू नकोस.

वाट पाहणारी,
तुझी धाकटी